आषाढातला रिकामा संगणक आणि डिझायनरचे स्वतःचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ सरून लग्नाचे मुहूर्त थांबले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या छापखान्यांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत तीन-चार आठवडे मोकळे जातात. श्रावण अर्धा झाला की गणपतीची पावतीपुस्तके आणि कमानी सुरू होतात, मग दसरा-दिवाळी, आणि तुळशीचे लग्न लागले की पुन्हा पत्रिका. मधल्या आषाढात मालक मशीन खोलून पुसतात, रोलर बघतात, शाईचे डबे मोजतात. संगणकावर बसणारा मुलगा किंवा मुलगी मात्र नुसती बसून असते. आमचे म्हणणे असे, की हे दिवस डिझायनरने स्वतःच्या एका कामाला द्यावेत आणि मालकाने त्यासाठी संगणक आणि थोडा कागद द्यावा.

स्वतःचे काम म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही, "उद्या सकाळी पाहिजे" म्हणणारे कोणी नाही आणि ज्यातला प्रत्येक निर्णय करणाऱ्यालाच घ्यावा लागतो, असे काम. याला हौस म्हणून बाजूला सारले जाते. मशीनला तेल घालण्याला कोणी हौस म्हणत नाही. हे कामही त्याच जातीचे आहे.

आपल्याकडचे रोजचे काम तयार फाईलींवर चालते. वाढदिवसाच्या फ्लेक्सची पीएसडी (फोटोशॉपची फाईल), पत्रिकेची सीडीआर (कोरलची फाईल), शिवजयंतीच्या चित्ररथासाठी भगवी पार्श्वभूमी, सगळे हार्ड डिस्कवर भरून ठेवलेले असते. फोटो बदलायचा, नावे घालायची, प्रूफ मोबाईलवर पाठवायचे, मशीनला द्यायचे. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेले असते आणि "अजून जरा मोठं करा" हीच एक दुरुस्ती असते. यात दोष कोणाचा नाही, त्या दरात तेवढेच बसते. पण अशा कामाने हात पळायला लागतो आणि डोळा तसाच राहतो. कोरे पान समोर ठेवून "तुम्हीच काहीतरी करा" म्हटले की पाच वर्षे बसलेला माणूसही आधी तयार फाईल शोधतो. पुण्याला किंवा बंगळूरला मुलाखतीस गेल्यावर तर अडचण आणखी वाढते. तिथे चारशे बॅनर दाखवले, तरी त्यातले स्वतःचे नेमके काय, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

डोळा तयार नसतो म्हणजे काय, ते एका अक्षरावरून कळेल. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात आणि श ला देठ असतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे धरली आहेत. हिंदीसाठी केलेल्या पुष्कळ फॉन्टांत या दोन्ही अक्षरांची वळणे वेगळी आहेत. काही फॉन्टांत मराठी रूपे आत दडलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी पत्रिकांवर वर "शुभ"चा श मराठी आणि खाली पत्त्यातला श हिंदी वळणाचा दिसतो, कारण वरचा मजकूर जुन्या फॉन्टातला आणि खालचा व्हॉट्सॲपवरून आलेला. तसेच ऱ्य चे. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टातून मजकूर बदलून घेताना ऱ्य हमखास मोडतो, कारण त्या फॉन्टांत तो स्वतंत्र खुणेवर बसवलेला असतो आणि बदलणाऱ्या प्रोग्रामला ती खूण कळतेच असे नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त (पाय मोडण्याची खूण), मग य असा क्रम द्यावा लागतो. घाईत हे कोणी बघत नाही. स्वतःच्या कामात बघावेच लागते, कारण चूक राहिली तर ढकलायला गिऱ्हाईक नसते.

काम कोणते घ्यावे? गल्लीतलेच घ्यावे. आम्हांला सर्वांत फलदायी वाटते ते जुन्या रंगवलेल्या पाट्यांच्या अक्षरांचे. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, निपाणीची जुनी पेठ इथे पेंटरच्या हातच्या पाट्या अजून शिल्लक आहेत आणि दर दिवाळीला त्यातल्या काही फ्लेक्सखाली जातात. अशा एका पाटीवरची अक्षरे घेऊन त्यांतून पूर्ण वर्णमाला उभी करणे हे चार आठवड्यांत निम्मेशिम्मे होणारे आणि पुढे वर्षभर पुरणारे काम आहे.

मालकाला विचारून फोटो घ्यावा. सकाळी नऊच्या आत किंवा आभाळ असताना घ्यावा, म्हणजे तेलरंगावर चमक येत नाही. पाटीच्या अगदी समोर उभे राहावे आणि जवळ न जाता लांबून झूम करावे. जवळून घेतले की कडेची अक्षरे फाकतात आणि ती फाकलेली वळणे पुढे पेंटरची म्हणून आपण गिरवत बसतो. फोटोत एक स्टीलची पट्टी धरावी, माप त्यावरून कळते. मग ए-४ वर एका पानाला दोन अक्षरे एवढी मोठी छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने काढावे. थेट संगणकावर जाऊ नये. हाताने दहा वेळा व काढल्यावर कळते, की पेंटरचा चपटा ब्रश कुठे वळला आणि कुठे उचलला.

इथे एक गोष्ट शिकायला मिळते, जी तयार फाईल कधी शिकवणार नाही. देवनागरीच्या बोरूचा छाट, म्हणजे टोकाचा तिरका काप, रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट असतो. त्यामुळे व चे पोट वर डाव्या बाजूला जाड आणि खाली येताना बारीक होते. इंग्रजी अक्षरांचा सराव असलेला माणूस नकळत उलटे करतो, खाली जाड आणि वर बारीक. मग अक्षर का खटकते ते सांगता येत नाही, नुसते परके वाटते.

पाटीवर पंधरा-वीस अक्षरे मिळतील, बाकीची त्यांतून काढायची. व पासून ब आणि क निघतात, प पासून ष आणि फ, ट पासून ठ आणि ढ, घ पासून ध. म, भ, न यांची गाठ एकदा ठरवली की तिन्हीकडे तीच ठेवावी. झ, ळ, ण आणि अ ही अक्षरे शेवटी घ्यावीत, त्यांत वळणाची मुभा जास्त आहे आणि तोवर हात बसलेला असतो. २००९ च्या त्या निर्णयाप्रमाणे ॲ, ऑ, क्ष, ज्ञ धरून ५२ वर्ण होतात. चार आठवड्यांत ५२ चा हट्ट धरू नये. १६ नीट झाली तरी पुष्कळ.

संगणकावर आणताना आपोआप ट्रेस करणारी सोय वापरू नये. इंकस्केप फुकट मिळते, कोरल असेल तर तेही चालेल, पण वक्ररेषा बांधणारे बिंदू हाताने टाकावेत. व सारख्या अक्षराला वीस-पंचवीस बिंदू पुरतात. आपोआप ट्रेस केले की तेच शंभराच्या वर जातात. पडद्यावर फरक दिसत नाही. स्टिकर कापणाऱ्या व्हिनाईल कटिंग प्लॉटरवर मात्र पाते प्रत्येक बिंदूपाशी अडखळते, कड करवतीसारखी निघते आणि थोड्या दिवसांत तिथूनच स्टिकर उचलतो. वळणाच्या टोकाला, म्हणजे सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या जागी बिंदू ठेवला की वक्र सुधारणे सोपे जाते. पुढे फॉन्टफोर्जमध्ये फॉन्ट करायचा असेल, तर चौकट १००० एककांची धरावी आणि प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना दहा-दहा एकके बाहेर काढावी. ती नेमकी कडेला संपवली तर शेजारच्या दोन अक्षरांमध्ये केसाएवढी पांढरी फट राहते. लेझर प्रिंटवर ती दिसत नाही, मोठ्या बोर्डावर चांगलीच दिसते.

ज्यांना अक्षरांपेक्षा चित्रात रस आहे त्यांनी बारा पोस्टकार्डांचा संच करावा. विषयाला कुठे लांब जायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांपैकी एक आहे. अथणी-निपाणीकडच्या चपलेचा पट्टा, कान, अंगठा आणि वेणी एवढे चार भाग वेगवेगळे काढले तरी बारा कार्डे भरतात. शहापूर-वडगावच्या मागावरचे काठ, गोकाकची लाकडी खेळणी, खानापूरची मातीची भांडी, कोणतेही एक घ्यावे. एकच घ्यावे. बारा कार्डांवर बारा विषय घेतले की संच होत नाही, नमुन्यांची वही होते.

कागदाचा हिशेब आधी करावा, कारण इथेच पैसे जातात. ए-६ कार्ड १०५ बाय १४८ मिमीचे. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून टाकायची जादा कड) धरले की १११ बाय १५४ होते. १३ बाय १९ इंची शीटवर उभ्या दोन आणि आडव्या चार अशी आठ बसतात, तेव्हा बारा कार्डांना दोन शीट लागतात आणि चार जागा उरतात. त्यांत सर्वांत अवघड चार कार्डे पुन्हा टाकावीत, कापताना एखादे बिघडतेच. १२ बाय १८ च्या शीटवर हेच करायला गेले तर दोन कार्डांचे ३०८ मिमी होतात आणि कागद असतो ३०५ मिमीचा. मग कोणीतरी ब्लीड कमी करतो आणि कापल्यावर एका कडेला पांढरी रेघ उरते. चित्र ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग), बारीक अक्षरे फक्त काळ्या प्लेटवर. चारी रंगांतून काळे केले की रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, जरासे हलले तरी अक्षराला लाल-निळी सावली सुटते.

स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना एक इशारा. आषाढात स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, वाळत नाही. बाहेरून कोरडी लागते, जाळीच्या आत इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) ओले असते. तशीच उजेडात दिली की धुताना कडा सुटतात आणि बारीक मात्रा, अनुस्वार वाहून जातात. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली रात्रभर आडवी ठेवावी, लेपाची बाजू खाली करून, म्हणजे लेप एकसारखा बसतो. कागदही दमट होऊन वाकतो आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. दोन रंगांचे काम असेल तर दोन्ही एकाच दिवशी घ्यावेत, किंवा आषाढात एकाच रंगावर भागवावे. एका रंगात काम करायला लागणे ही उलट चांगली अट आहे.

तिसरा प्रकार आपल्या भागाशिवाय दुसरीकडे कुठे इतक्या निकडीने करावा लागत नाही, तो म्हणजे तीन लिप्यांची पाटी. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. त्यावर ज्याचे जे मत असेल ते असो. डिझायनरपुढचा प्रश्न असा आहे, की उरलेल्या भागात मराठी आणि इंग्रजी नीट वाचता कसे येईल. १० बाय ३ फुटांची पाटी म्हणजे ३० चौरस फूट. त्यातले १८ कन्नडला गेले, १२ उरले. वाचण्याचा ढोबळ हिशेब १० फुटांना १ इंच अक्षर असा आहे. रस्त्यापलीकडून, म्हणजे ४० फुटांवरून वाचायचे तर मराठी अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत ४ इंच तरी हवे. आता बसवून बघा. कन्नडला शिरोरेषा नाही, डोक्यावर तलकट्टू नावाची छोटी खूण असते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लटकतो. मराठीत वेलांट्या आणि मात्रा वर चढतात. दोन्ही ओळी एकाच मापाच्या फॉन्टात टाकल्या की कन्नडची खालची अक्षरे मराठीच्या मात्रांवर आदळतात. म्हणून फॉन्टचे माप सारखे न ठेवता अक्षराची उंची डोळ्याने जुळवावी आणि दोन ओळींत कन्नड अक्षराच्या निम्म्या उंचीइतकी जागा सोडावी.

फॉन्ट निवडताना एकाच घराण्यातले घ्यावेत. 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या बलू घराण्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, कन्नडचा बलू तम्म. नोटोमध्येही दोन्ही लिप्या मिळतात. 'मुक्त' नावाचा फॉन्ट वाचायला सुरेख आहे, पण त्यात कन्नड नाही. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यात वापरायला हरकत नाही. त्यांत बदल करून नवा फॉन्ट केला आणि मूळ नाव राखीव असेल, तर नाव बदलावे लागते. अशी सरावाची पाटी ७२ डीपीआयला ८६४० बाय २५९२ पिक्सेलची होते, तेवढी फ्लेक्सला पुरते. छापायची गरज नाही. ए-३ वर काढून भिंतीला लावावी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचावी.

काम सोडून देण्याचे कारण आम्हांला बहुतेक वेळा एकच दिसते, ते फार मोठे धरलेले असते. "बेळगावच्या सगळ्या पाट्या" असे ठरवले की आठव्या दिवशी सुटते. एक गल्ली, सोळा अक्षरे, बारा कार्डे, असे आकड्यात बांधावे आणि शेवट कागदावर छापून करावा. मोबाईलवर टाकून मिळणाऱ्या अंगठ्यांवर काम तोलू नये, तिथे अर्धवट कामही पूर्ण दिसते. एका वहीत रोजची तारीख आणि काय चुकले ते दोन ओळींत लिहावे. मुलाखतीत ती वही तयार चित्राइतकीच उपयोगी पडते, कारण विचार कसा झाला ते तिच्यात दिसते.

आणखी एक. फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, जोडाक्षर सुटले, तर फॉन्टला दोष देऊन जुन्या फॉन्टाकडे परत जाऊ नये. मजकुराची मांडणी करणारे इंजिन बदलावे लागते, वर्ल्ड-रेडी किंवा साऊथ एशियन नावाचे. केवळ ही एक खूण माहीत नसल्याने आपल्याकडची कितीतरी दुकाने अजून युनिकोडला हात लावत नाहीत, आणि याचे आम्हांला खरोखर वाईट वाटते.

मालकांना शंका असते, की आपल्या वेळात, आपल्या संगणकावर मुलाने स्वतःचे केले तर ते कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याचे उत्तर आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणून आषाढातल्या कामाबद्दल एका कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सही करावी: काम करणाऱ्याचे, आणि दुकानाला ते नमुना म्हणून लावायची परवानगी. वाद तिथेच संपतो. उलट बाजूने डिझायनरनेही गिऱ्हाईकाचे फोटो, दुसऱ्याच्या बिडीच्या लेबलावरची खूण, कोणाचा ट्रेडमार्क स्वतःच्या कामात घालू नये. दुकानालाही यातून मिळते. ज्याने स्वतःची अक्षरे काढली आहेत, तो पत्रिकेचे नाव हाताने लिहून देऊ शकतो. तयार फाईल शेजारच्या दुकानातही असते, हे मात्र तिथे मिळत नाही.

बेळगावला याची परंपरा नाही असे नाही. १९३५ मध्ये इथे जन्मलेले आणि चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे यांनी जाहिरातींसाठी बोधचित्रे काढून पोट भरले आणि स्वतःची चित्रकलाही सोडली नाही. २०२२ मध्ये ते गेले. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनीही जाहिरातीच्या धंद्यात राहून अक्षरांचा ध्यास धरला, आणि पुढे विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांच्याच हातून झाला. आज आपण सरकारी अर्ज भरतो त्यातली कितीतरी अक्षरे म्हणजे मंगलच.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. श्रावणातल्या रविवारी पुरवणीत तीन कॉलम जागा द्यावी आणि आषाढात झालेले एक-एक काम छापावे. पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो आणि पसरवतो. फक्त काळ्या रंगात द्यावे, करडी छटा असेल तर पडद्यावर दिसते त्याहून बरीच फिकी ठेवावी आणि अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नये. नाहीतर व चे खाली बारीक होत गेलेले पोट छापताना तुटेल.

आपले,
बेळगाव-खानापूर भागातील काही ग्राफिक डिझायनर आणि मुद्रक